जुन्या डेस्कटॉपच्या जागी कोणता लॅपटॉप घ्यावा?

प्रश्न:
नमस्कार. माझा 2014 सालचा डेस्कटॉप सुरू होईपर्यंत चहा उकळून, गाळून, पिऊनही होतो. त्यातच विंडोज 10 चे नियमित सहाय्य (म्हणजे सुरक्षेच्या सुधारणा मिळणे) 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपल्यामुळे त्यावर बँकेचे व्यवहार करण्याची धास्ती वाटते. काम हिशेबाचे आणि मराठी टंकलेखनाचे आहे. शिवाय लॅपटॉप रोज कल्याण लोकलने न्यावा लागेल. काय पाहून घ्यावा?

प्रतिसाद 1:
आधी रॅम (चालू कामासाठीची तात्पुरती स्मृती) पाहा, कंपनी नंतर. विंडोज 11 ला किमान 4 जीबी रॅम चालते असे कागदावर असले, तरी आपण 16 जीबीच घ्यावी, कारण अनेक पातळ लॅपटॉपमध्ये ती मदरबोर्डलाच (आतल्या मुख्य सर्किट बोर्डालाच) जोडलेली असते आणि पुढे वाढवता येत नाही. एसएसडी (फायली साठवण्याची वेगवान डिस्क) 512 जीबीची पुरेल. पडदा 14 इंचीच बरा; 15.6 इंची लॅपटॉप मी दोन वर्षे विरार लोकलमध्ये छातीशी धरून उभा राहिलो आहे.

प्रतिसाद 2:
वरील मताशी सहमत आहे, मात्र जुना डेस्कटॉप भंगारात देऊ नका. माझ्या तशाच यंत्रात मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील संगणक बाजारातून हार्ड डिस्कऐवजी एसएसडी बसवून घेतली आणि विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत कार्यप्रणाली टाकली. घरातील मुलांचा अभ्यास आता त्यावरच चालतो.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. रॅमचा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता. शनिवारी दुकानात जाऊन कळफलकावर मराठीत पानभर मजकूर टंकून पाहीन, मगच ठरवीन.