व्हिक्टरी कोरड्या गोदीत, वॉरियर पाण्यात: असं का?

प्रश्न: इंग्लंडच्या पोर्ट्समथ बंदरात ब्रिटनच्या राष्ट्रीय नौदल संग्रहालयाची व्हिक्टरी ही जुनी लाकडी युद्धनौका 1922 पासून कोरड्या गोदीत (पाणी काढून टाकलेल्या गोदीत) उभी आहे. शेजारची वॉरियर ही दुसरी जुनी युद्धनौका मात्र तरंगते. लाकडी जहाज पाण्याबाहेर जास्त टिकतं का?

उत्तर १: टिकतं असं नाही, वेगळ्या तऱ्हेने बिघडतं. पाणी जहाजाच्या तळाला सगळीकडून उचलून धरतं. गोदीत तेच वजन मोजक्या जागांवर येतं. व्हिक्टरीखाली पूर्वी 22 पोलादी चौकटी होत्या. दाब तिथे एकवटून जहाज हळूहळू खचत, वाकत गेलं. आता 134 पोलादी टेकू आहेत. प्रत्येकावरचा भार मोजला जातो, त्यामुळे वजन कुठे सरकलं ते कळतं आणि टेकू वर-खाली करता येतो. हे काम खरंच अप्रतिम आहे.

उत्तर २: टेकूंइतकाच पाऊसही महत्त्वाचा. पाणी फळ्यांच्या सांध्यांतून आत मुरतं. लाकडातली ओल 20 टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते आणि बुरशीने मऊ झालेलं ओकचं लाकूड किडे पोखरतात. म्हणून व्हिक्टरीच्या बाहेरच्या सडक्या फळ्या काढून नवा ओक बसवताहेत. सडक्या लाकडावर नुसता रंग मारू नये, ओल आतच कोंडते.

उत्तर ३: वॉरियरचं (जलावतरण 1860) अंगच लोखंडी, म्हणून ती तरंगत ठेवणं जमतं. मधल्या भागाला 114 मिमी लोखंडी चिलखत, त्यामागे 457 मिमी सागवान. तिथे मुख्य शत्रू गंज. जलरेषेपाशी (जहाज जिथवर पाण्यात बुडतं तिथे) हवा आणि खारं पाणी दोन्ही मिळतात, तिथे आधी बघायचं.