बघ्यांना बेड्या घालायच्या, मग रिंगणातला गाडीवाला कोण, जावई?

उचापती_अण्णा
काल कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या साइडशोंवर, म्हणजे रात्री चौक अडवून गाड्या गोल गोल घुमवण्याच्या तमाशावर, जो धागा चालला त्यात फ्रीमाँटकर यांनी लिहिलं: "साइडशो बघायला थांबणारा प्रत्येक जण गुन्हेगार. 200 फुटांची अट कशाला? दिसेल त्याला उचला, दोन रात्री आत ठेवा, सोमवारपासून रस्ते मोकळे." खाली रांगेनं 'अगदी मनातलं बोललात'. उत्तर तिथेच लिहायला घेतलं, पण लांबलं, म्हणून वेगळा धागा.

टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी किती जणांनी तो नियम वाचलाय? अलामेडा काउंटीनं, म्हणजे आमच्या जिल्ह्यानं, 2023 मध्ये केला. साइडशो किंवा त्याची तयारी चालू असेल त्यापासून 200 फुटांच्या आत, तो बघण्याच्या हेतूनं हजर असणं हा गुन्हा. दंड 1,000 डॉलरपर्यंत, वर तुरुंगही. आणि लागू कुठे? कुठल्याच शहरात न मोडणाऱ्या भागात, म्हणजे आमचं कॅस्ट्रो व्हॅली, सॅन लोरेंझो वगैरे. ज्या ओकलंडवर तुम्ही काल दीडशे प्रतिसाद पाडलेत ते त्यात येतच नाही.

आता 'हेतू' बघा. एकाच फुटपाथवर दोघं उभे. एक बसची वाट बघतोय, दुसरा गाडी बघतोय. डोळे दोघांचेही उघडे. पहिला सभ्य नागरिक, दुसरा आरोपी, आणि हे ठरवणार कोण, तर रात्री दोन वाजता वैतागलेला शेरीफचा माणूस. साइडशोच्या बातम्या करणाऱ्या एका पत्रकारानं 2024 मध्ये याच मुद्द्यावर काउंटीला कोर्टात खेचलं. खालच्या कोर्टानं हात वर केले, पण 2025 मध्ये नाइन्थ सर्किटनं, म्हणजे वरच्या केंद्रीय अपील कोर्टानं, त्याच्या बाजूनं कौल दिला. बेफाम गाडी चालवणं, रस्ता अडवणं याला कायदे आधीच आहेत, ते वापरा ना!

माझा साधा हिशेब. डॉज चार्जर गाडी घेऊन गोल गोल फिरणारा निघून जातो. मागे राहतो होंडा सिविक कोपऱ्यावर लावलेला अठरा वर्षांचा पोरगा. तोच सापडतो म्हणून तोच गुन्हेगार.

फ्रीमाँटकर
माझं अर्धंच वाक्य उचललंत. पुढे 'पहिल्या वेळी समज देऊन सोडा' असंही होतं. असो, सवयच आहे तुमची.

अण्णा, तुम्ही साइडशो प्रत्यक्षात बघितलाय की नुसता निकाल वाचलाय? चौकात रिंगण कशाचं असतं? माणसांचं. चारही बाजूंनी गाड्या आडव्या लावतात, त्यांच्या पुढे माणसं उभी राहतात. ती भिंत आहे म्हणून पोलिसांची गाडी आत शिरत नाही. शिरलीच तर तोंडावर लेझर मारतात, फटाके फेकतात. हे सगळं 'बघे' करतात, गाडीवाला नाही. त्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवर असतात.

गर्दी काढून घ्या आणि कोण मरायला रात्री दोन वाजता स्वतःचे टायर जाळेल? आणि मरायचं म्हणाल तर 2015 मध्ये लॉस एंजलिसच्या चॅट्सवर्थमध्ये रस्त्यावरच्या शर्यतीत गाडी गर्दीत घुसून दोन जण गेले. दोघंही बघायला आलेले. तुमचा नागरी हक्क त्यांच्या आईला समजावून सांगा.

सॅनहोजेची_मावशी
मी कोर्टबिर्ट जाणत नाही. मागच्या वर्षी आमच्या ह्यांच्या छातीत दुखायला लागलं. मध्यरात्र उलटून गेलेली. ॲम्ब्युलन्स आमच्या घरापासून दोन सिग्नल अलीकडे अडकली, कारण चौकात तमाशा चालू. मी गॅलरीतून लाल दिवा बघत होते आणि तो हलत नव्हता. ह्यांना ॲसिडिटी होती हे नंतर कळलं, पण ती वीस मिनिटं मी कशी काढली ते माझं मला ठाऊक.

सॅन होजेनं बघ्यांना दंड 2019 लाच लावलाय. माझा पाठिंबा. ज्याला घटना पाळायची असेल त्यानं माझ्या गॅलरीत येऊन पाळावी.

उचापती_अण्णा
मावशी, ॲम्ब्युलन्स अडवणाऱ्याला मी स्वतः पकडून देईन. पण तुमच्याच उदाहरणात नियम 2019 चा आणि ॲम्ब्युलन्स अडकली मागच्या वर्षी. म्हणजे नियमानं केलं काय?

सॅनहोजेची_मावशी
नियमानं काही केलं नाही कारण कोणी राबवत नाही. तुमच्यासारखे लगेच कोर्टात पळतात ना!

निशाचर
मी बघायला जायचो. घाला बेड्या.

इथे नाही, वांद्र्याला. रिक्लेमेशनला शनिवारी रात्री बाइकवाले जमायचे, आम्ही कॉलेजची पोरं कट्ट्यावर भुर्जी-पाव खात बघायचो. पैजा लागायच्या, हेही खरं. पोलीस आले की बाइकवाले सटकायचे आणि पोलीस आमच्याकडे वळायचे. एकदा आमच्या एका मित्राची उभी असलेली ॲक्टिव्हा उचलून नेली. ॲक्टिव्हावर कोण शर्यत लावतं हो? सोडवायला गेलो तर साहेब म्हणाले, "तुम्ही टाळ्या वाजवता म्हणून ते पळवतात." फ्रीमाँटकर, तुम्ही वांद्र्याला होतात का नोकरीला?

बरं, पोरांनी गाडी पळवायची कुठे? इथे निदान सोनोमा रेसवेवर बुधवारच्या रात्री आपली रोजची गाडी घेऊन ड्रॅगला, म्हणजे सरळ रेषेतल्या शर्यतीला, उतरता येतं. आपल्याकडे? अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर व्हॅली रन नावाची ड्रॅग शर्यत व्हायची, ती खिशात दमडी असणाऱ्यांसाठी. नाहीतर ट्रॅकसाठी चेन्नई नाहीतर कोइंबतूर गाठा. जागा द्यायची नाही, बघू द्यायचं नाही, आणि वर तरुण पिढी बिघडली म्हणायचं.

फ्रीमाँटकर
सोनोमा आहे तरी इथले साइडशो थांबले का? ट्रॅक दिला की रस्ता सुटतो ही भाबडी समजूत आहे. यांना शर्यत नकोय, फुकटचा चौक हवाय.

कोर्टाची_पायरी
प्रॅक्टिस पुण्यात, त्यामुळे कॅलिफोर्नियाबद्दल बेतानं बोलतो. पण 'नुसतं हजर असणं कधी गुन्हा असतं का' असा जो सूर इथे लागलाय तो चूक आहे.

आपल्याकडचा जुगारबंदी कायदा 1887 चा. धाड पडली आणि खेळ चालू असताना तुम्ही अड्ड्यावर सापडलात, तर तुम्ही जुगारासाठीच आला होतात असं कायदा धरून चालतो. 'मी नुसता चहा प्यायला आलो होतो' हे सिद्ध करायचं तुम्ही. याउलट मोटार वाहन कायद्याचं कलम 189, म्हणजे रस्त्यावरची शर्यत, तिथे शर्यत लावणारा आणि लावू देणारा एवढेच. 2019 च्या दुरुस्तीनं दंड 500 चा 5,000 झाला, पण बघ्याला हात लावला नाही. त्यामुळे निशाचरच्या मित्राची ॲक्टिव्हा कुठल्या कलमाखाली उचलली हे मलाही कुतूहल आहे. बहुधा नो पार्किंग.

आणि अमेरिकेत कुत्र्यांची झुंज बघायला जाणं हा गुन्हा आहेच. 2014 पासून केंद्रीय कायद्यानंही वर्षभराची कैद होऊ शकते, 16 वर्षांखालचं पोर सोबत नेलं तर तीन वर्षं. तिकडे कुणी 'बघण्याचं स्वातंत्र्य' म्हणून गळा काढत नाही.

उचापती_अण्णा
वकीलसाहेब, कुत्र्यांची झुंज बंद दाराआड होते. तिथे चुकून कोणी पोचत नाही. चौक सार्वजनिक आहे. हा फरक तुम्हाला कळत नसेल असं नाही, तुम्ही तो मुद्दाम गाळलात.

कोर्टाची_पायरी
गाळला. वकील आहे.

मांजराची_आई
प्राण्यांचा विषय निघालाच आहे तर विचारते. झुंज बघणारा अमेरिकेत गुन्हेगार. मग आपल्याकडे बैलगाडा शर्यतीत बैलांच्या शेपट्या पिरगाळतात ते बघायला जमणारी लाखभर माणसं कोण? तिथे तर आमदार फीत कापतात.

घाटातला_गडी
आला! मला वाटलंच होतं, कुठूनही सुरू करा, शेवटी बैलगाड्यावर येणार. ताई, शेपूट पिरगाळतात हे तुम्ही कुठे बघितलंत? व्हॉट्सॲपवर? एकदा खेडला या, घाट, म्हणजे गाडे पळवायची चढाची धावपट्टी, बघा. आमच्याकडे गाड्यावर माणूसच नसतो. पुढे घोडी, मागे बैलं, बारी, म्हणजे गाड्याची एक धाव, बारा-तेरा सेकंदांत खल्लास. चाबूक मारायला गाड्यावर आहेच कोण?

आणि बघ्यांवरच्या कारवाईचं आम्हाला शिकवू नका. 2014 ला सुप्रीम कोर्टाची बंदी आली, डिसेंबर 2021 ला उठली. मधली सात वर्षं आम्ही काय भोगलं ते आम्हाला माहीत. कुठे चोरून बारी झाली की पोलिसांची गाडी यायची आणि माणसं उसात. माझा चुलता गुडघ्यानं अधू, त्याला पळता आलं नाही. बसलेला उचलला. त्याच्याकडे ना बैल ना गाडा. 2022 ला सरकारनं असे गुन्हे मागे घ्यायचं ठरवलं, तोवर म्हातारा तारखांना जाऊन जाऊन थकला होता.

त्यामुळे मी अण्णांच्या बाजूनं. गाड्यांचं मला काही पडलेलं नाही.

उचापती_अण्णा
आभारी आहे. असा पाठिंबा मिळेल असं वाटलं नव्हतं.

मैदानी_सांगलीकर
घाटातल्या गड्याला एक प्रश्न. 'आमच्याकडे गाड्यावर माणूस नसतो' म्हणजे काय? आमच्याकडे असतो, म्हणून आम्ही कसाई काय? बिनमाणसाचा गाडा पळवणं याला आम्ही शर्यत मानतच नाही. बैल हाकणं ही कला आहे. सेकंद मोजायचे तर घड्याळाची शर्यत लावा.

आणि बंदीच्या काळात नडलं कोण? ऑगस्ट 2021 ला आटपाडीकडे झरे गावात पहाटे बैलगाड्या पळाल्या, गावाभोवती पोलीस असताना. तुमचे घाट तेव्हा झोपले होते.

घाटातला_गडी
नडलात म्हणे. सुप्रीम कोर्टाच्या तारखांना वर्गणी कुणी गोळा केली ते विचारा. आणि हाकण्याची कला म्हणजे बैलाला टोचायचा हातातला खिळा का? आपल्या मैदानात काय काय सापडतं ते आपल्याच पोरांना विचारा.

मैदानी_सांगलीकर
तोंड सांभाळून. खिळा लावणाऱ्याचा गाडा आम्ही स्वतः बाद करतो. तुमच्या घोडीला काय पाजतात ते लिहू का इथे?

मांजराची_आई
धन्यवाद दोघांनाही. मला पुरावे शोधायचे कष्ट वाचवलेत.

घाटातला_गडी
ताई, 2023 ला सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं आमचा शर्यतीचा कायदा वैध ठरवलाय. 18 मे. तुमचे पुरावे तिथेच न्यायचे होते.

मांजराची_आई
वैध ठरवला म्हणजे बैलाला आवडतं असं ठरवलं का?

सॅनहोजेची_मावशी
अहो, माझी ॲम्ब्युलन्स राहिली बाजूला. बैल कुठून आले?

फ्रीमाँटकर
मावशी, या गोंधळात माझा मुद्दा आपोआप सिद्ध झाला. घाटातले साहेब स्वतः सांगताहेत की पोलीस आले की माणसं उसात पळायची. म्हणजे बघ्यांना भीती होती! भीती होती म्हणून गर्दी कमी होती, आणि गर्दी कमी म्हणून शर्यती चोरून व्हायच्या, लाखाच्या मैदानात नाही.

घाटातला_गडी
ओ साहेब, माझं वाक्य तुमच्या भाकरीवर वाढून घेऊ नका. सात वर्षांत शर्यत बंद झाली का? नाही. उलट ना डॉक्टर, ना पंच, ना कठडे. आता परवानगी घेऊन होते तर जनावरांचा डॉक्टर हजर, बॅरिकेड, ॲम्ब्युलन्स, सगळं. चोरून होती तेव्हा माणसं जास्त पडली.

निशाचर
हेच मी ट्रॅकबद्दल म्हणत होतो. पण माझ्या तोंडून आलं की 'भाबडी समजूत', बैलाच्या तोंडून आलं की वाहवा.

फ्रीमाँटकर
वाहवा कुणी केली? पण ठीक आहे. पत्रकाराला पकडू नये, मान्य. गॅलरीतून बघणाऱ्याला पकडू नये, मान्य. मावशीही गॅलरीतच होत्या, नाहीतर अण्णांच्या भीतीप्रमाणे त्याच आत गेल्या असत्या. पण रिंगणात पहिल्या ओळीत उभं राहून गाडीच्या बॉनेटला हात लावणारा, तो बघ्या नाही. तो त्या खेळाचा भाग आहे. त्याला तरी धरू द्याल का, की त्यालाही घटनेत जागा करायची?

उचापती_अण्णा
त्याला धरा. रस्ता अडवल्याबद्दल धरा. बघितल्याबद्दल नको. काल 'दिसेल त्याला उचला' म्हणणारे आज पहिल्या ओळीपर्यंत आले, ही प्रगती नोंदवून ठेवतो.

फ्रीमाँटकर
आणि काल कुणालाच हात लावू न देणारे आज 'धरा' म्हणाले. तीही नोंदवा.

कोर्टाची_पायरी
कुत्सितपणा बाजूला ठेवून एक. परिणाम हवा असेल तर गाडीला धरा, माणसाला नाही. कॅलिफोर्नियात गाडी 30 दिवस अडकवून ठेवता येते आणि जुलै 2025 पासून साइडशोसाठी परवानाही निलंबित करता येतो. हप्ते चालू आणि गाडी पोलिसांच्या गोदामात, याच्याइतकं कशालाच कुणी घाबरत नाही.

सॅनहोजेची_मावशी
आधी गाडी पकडा तरी. तिथे ओकलंडचे पोलीस पाठलाग करत नाहीत म्हणे, हिंसक गुन्हा किंवा बंदूक असल्याशिवाय परवानगीच नाही.

उचापती_अण्णा
पाठलागात निरपराध माणसं मरतात म्हणून तो नियम आहे, मावशी.

सॅनहोजेची_मावशी
झालं. पाठलाग करायचा नाही, बघ्याला धरायचं नाही, आणि ह्यांना ॲसिडिटी झाली तर मी ॲम्ब्युलन्सचं काय करू, उसात लपवू?

मैदानी_सांगलीकर
घोडीच्या मुद्द्यावर अजून उत्तर आलेलं नाही.

घाटातला_गडी
येतंय. फोटोसकट टाकतो, जनावरांना चारा घालून आलो की.