मदत हवी आहे: फ्लटरमध्ये (अ‍ॅप बनवायचं गूगलचं साधन) विजेट (पडद्यावरच्या एका भागाचं कोडमधलं वर्णन) दर वेळी नवं बनतं, मग जुनी टिक येते कुठून?

मध्यरात्र: फ्लटरचे फ्रेमवर्क (ज्यावर आपण कोड लिहितो), इंजिन (खाली रंगवणारं), एम्बेडर (फोनशी जोडणारा) हे तिन्ही थर वाचून झाले. विजेट बदलत नाही, प्रत्येक बिल्डला (पडदा पुन्हा मांडताना) नवं बनतं, हेही कळलं. मग यादीतली दुसरी ओळ डिलीट केली की तिची टिक खालच्या ओळीवर कशी येते? डेटा बरोबर आहे, प्रिंट करून पाहिला. उद्या डेमो आहे, लवकर सांगा.

अर्धविराम: टिक ठेवली कुठे आहेस? ओळ स्टेटफुल (स्वतःची बदलती माहिती, म्हणजे स्टेट, जपणारी) आहे का? तिला ‘की’ (ओळख पटवणारी खूण) दिली आहेस का? कोड टाक ना.

जुनाखेळाडू: रिव्हरपॉड (स्टेट सांभाळायचं पॅकेज) घे, सुटशील.

निळीशाई: इम्पेलर (फ्लटरचा रंगवणारा भाग) बंद करून बघ. रंगवण्यातच गडबड असेल.

अर्धविराम: @निळीशाई, इम्पेलर खाली इंजिनात. वरून जे येतं ते तो रंगवतो. टिक चुकतेय ती वर, फ्रेमवर्कमध्ये.

मध्यरात्र: स्टेटफुलच आहे, टिक ओळीच्या स्टेटमध्ये. ‘की’ नाही दिली.

सावकाश: मग उत्तर मिळालं. विजेट म्हणजे नुसतं वर्णन. त्यामागे एलिमेंटांचं झाड असतं, स्टेट तिथे टिकते. तिसरं झाड रेंडरऑब्जेक्टांचं, ते मापं आणि रंगकाम बघतं. नवं विजेट आलं की एलिमेंट दोनच गोष्टी ताडून बघतं: रनटाइमटाइप (विजेटचा प्रकार) आणि ‘की’. तुझ्या ओळी सगळ्या एकाच प्रकारच्या, ‘की’ कुणालाच नाही. त्यामुळे दुसऱ्या जागेवरचं एलिमेंट टिकेसकट तिथेच राहिलं आणि तिसऱ्या ओळीचं विजेट त्याच्या पदरात पडलं. व्हॅल्यूकीमध्ये (दिलेल्या मूल्यावरून बनणारी ‘की’) आयटमचा आयडी दे. इंडेक्स (यादीतला क्रमांक) नको, डिलीट केलं की तो सरकतो.

जुनाखेळाडू: टिक मॉडेलमध्ये (विजेटांबाहेर ठेवलेल्या डेटात) असती तर हे पुराण लागलंच नसतं.

सावकाश: त्याला थर समजून घ्यायचेत, पॅकेज नंतर.

मध्यरात्र: आयडी दिला. चुकीची टिक गेली, पण आता खालच्या सगळ्याच टिका उडाल्या!!

अर्धविराम: लिस्टव्ह्यू.बिल्डर (लागतील तशाच ओळी बनवणारी यादी) वापरतोयस ना? हे आधी सांगायचं! कॉलममध्ये (सगळ्या ओळी एकदम मांडणारं विजेट) ‘की’ पुरली असती. बिल्डर इंडेक्सनुसार चालतो, त्या जागी ‘की’ जुळली नाही तर एलिमेंट नवं बनवतो. फाइंडचाइल्डइंडेक्सकॉलबॅक दे, त्यात ‘की’वरून आयटमचा नवा इंडेक्स परत कर.

जुनाखेळाडू: आणि ओळ स्क्रोल होऊन दूर गेली की? स्टेट तेव्हाही जाते. म्हणून मॉडेल म्हणतोय.

सावकाश: हे पटलं. टिक आयटममध्ये ने, सेटस्टेट (स्टेट बदलून पुन्हा बिल्ड करायला सांगणं) यादीच्या विजेटमध्ये कर. पॅकेजशिवाय होईल.

मध्यरात्र: नेली, चाललं. ‘की’ आता काढू?

सावकाश: राहू दे. ओळीत उद्या टेक्स्टफील्ड किंवा अ‍ॅनिमेशन आलं तर त्याची स्टेट पुन्हा एलिमेंटपाशीच असणार. कॉलबॅकही ठेव.