१४५ वॅट सोडून ७० वॅट का घ्यावेत?

राजेंद्रनगरची ताई
भाड्याचा फ्लॅट, हॉल बारा बाय चौदा, बजेट बेताचं. होम थिएटरसाठी पाच स्पीकर चालवणारे दोन रिसीव्हर (ॲम्प्लिफायर) बघून ठेवलेत: सोनीचा एसटीआर-डीएच५९० आणि यामाहाचा आरएक्स-व्ही३८५. सोनी १४५ वॅट सांगते, यामाहा ७०. दुप्पट ताकद सोडून यामाहा कोण घेईल? माझं मत सोनीला. पटत नसेल तर कारण सांगा.

जुना टेपवाला
ताई, हे दोन आकडे एका मापाचे नाहीतच. सोनीचे १४५ हे १ किलोहर्ट्झच्या एकाच सुरावर, ०.९ टक्के डिस्टॉर्शन (आवाजाची विकृती) चालवून घेऊन काढलेले. यामाहाचे ७० दोन चॅनल एकदम चालवून, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ या ऐकू येणाऱ्या सगळ्या पट्टीत, ०.०९ टक्क्यांवर. त्याच कडक मापाने सोनी ९० वर येतो. ९० आणि ७० मध्ये फरक साधारण १ डेसिबलचा, कान देऊन ऐकलं तर कळला तर कळला. मी यामाहा घेईन, वायपीएओसाठी, म्हणजे माइकने खोलीचं माप घेऊन आवाज जुळवायची त्याची सोय. माइक बसायच्या जागी कानाच्या उंचीवर ठेवा, स्पीकरांची अंतरं आणि पातळ्या तो आपल्या आपण लावतो. तेवढा वेळ कूलर बंद आणि कुकर गॅसवरून खाली, नाहीतर शिट्टीचंही माप घेईल.

भिया साउंडबार
काका, माइक लावून मोजणी सोनीतही आहे, डीसीएसी म्हणतात. मग यामाहाचं एवढं कौतुक कशाला? आणि मुळात ॲटमॉस, म्हणजे डोक्यावरूनही येणारा आवाज, दोन्हीत नाही. पाच स्पीकर, हॉलभर वायरी... त्यापेक्षा साउंडबार, टीव्हीखालची एकच स्पीकरपट्टी, लावा आणि मोकळे व्हा.

सुदामानगर
@भिया, बार बिघडला की सगळाच दुकानात जातो. इथे रिसीव्हर बदलला तरी स्पीकर तेच राहतात. ॲटमॉसचं ५.१.२ (पाच स्पीकर, एक सबवूफर, वर दोन) करायचं तर सात चॅनलचा रिसीव्हर लागतो, म्हणजे बजेट गेलं. आणि छतात स्पीकर बसवायचे म्हटले तर घरमालक भोकं पाडू देईल?
ताई, साधा एआरसी म्हणजे टीव्हीचा आवाज एचडीएमआय वायरीने रिसीव्हरकडे आणायची सोय. ब्लू-रे प्लेअर टीव्हीला लावलात तर त्यातून ट्रूएचडी (ब्लू-रेवरचा अस्सल, न कापलेला आवाज) रिसीव्हरपर्यंत पोचणार नाही. प्लेअर थेट रिसीव्हरलाच जोडा.

राजेंद्रनगरची ताई
मापाचं कळलं. पण ९० झाले तरी ७० पेक्षा जास्तच ना? किंमत सारखी असेल तर ते २० वॅट मी का सोडू?

जुना टेपवाला
सोडू नका, पण त्यांच्यासाठी जादा पैसेही मोजू नका. स्पीकरची सेन्सिटिव्हिटी बघा, म्हणजे तेवढ्याच वॅटमध्ये तो किती मोठा वाजतो ते. ८६ ऐवजी ८९ डेसिबलचा स्पीकर घेतलात तर निम्म्या वॅटमध्ये तेवढाच आवाज. वाचलेले पैसे तिकडे लावा. आणि इंदूरच्या महाराणी रोडवर वायर घेताना आतली तार खरवडून बघा, तांब्याचा नुसता मुलामा नको.

भिया साउंडबार
वायर खरवडून बघा म्हणे! म्हणूनच सांगतो, बार घ्या.

राजेंद्रनगरची ताई
बार नको. सोनीच घेतेय, स्पीकरसाठी वेगळा धागा काढते. काका, तिथे या.