विश्वसनीयता, विश्वासार्हता की भरवसा?

मूळपाठ: आरोग्याच्या अ‍ॅपना गुण देणारी 'मार्स' ही प्रश्नावली २०१५ची, ऑस्ट्रेलियातली. २३ प्रश्न, प्रत्येकाला १ ते ५ गुण. २०१६च्या इटालियन आवृत्तीवर मराठीत टिपण करताना अडलंय. इटालियनमध्ये 'अफिदाबिलिता' हा मोजपट्टीचा गुण: पुन्हा मोजलं तरी तेच उत्तर येतं का? 'क्रेदिबिलिता' म्हणजे अ‍ॅपमागची संस्था खरी आहे का, आणि हा तर प्रश्नावलीतलाच एक प्रश्न. दोन्हींना 'विश्वासार्हता' म्हटलं की वाक्य होतं: 'विश्वासार्हतेच्या प्रश्नाची विश्वासार्हता तपासली.'

गोळाबेरीज: बी.एड.च्या पुस्तकांत विश्वसनीयता-सप्रमाणता (सप्रमाणता म्हणजे जे मोजायचं तेच मोजलं जातं का) ही जोडी रुळलेली आहे. विश्वसनीयता मोजपट्टीला, विश्वासार्हता अ‍ॅपला. मिटलं.

अनुस्वार: कसलं मिटलं! दोन्ही 'वि + श्वस्'चीच पिल्लं. वाचणाऱ्याने फरक ओळखायचा कशावरून? सरळ 'भरवसा' लिहा.

टाचण: भरवशाच्या म्हशीला टोणगा होतो, म्हणून नको. शिवाय इथे एकच गोष्ट मोजलेली नसते. क्रॉनबाकचा आल्फा सांगतो एका विभागातले प्रश्न एकमेकांशी जुळतात का. वर्गांतर्गत सहसंबंध सांगतो दोन परीक्षक जुळतात का. त्यातही मेख आहे. एक परीक्षक प्रत्येक अ‍ॅपला दुसऱ्यापेक्षा नेमका एक गुण कमी देत असेल, तर 'सुसंगती'चा गुणांक पूर्ण १ येतो, 'निखळ एकमता'चा मात्र घसरतो. कोणता काढला ते लिहिलं नसेल तर आकडा वाचूच नये. आणि निवडलेली सगळी अ‍ॅप सारख्याच दर्जाची असली, तर परीक्षकांमधला किरकोळ फरकही गुणांक पाडतो. तिथे दोष परीक्षकांचा नाही, निवडीचा.

गोळाबेरीज: दोन्ही परीक्षकांच्या फोनवर अ‍ॅपची आवृत्ती एकच हवी. मधे अपडेट आलं की दोघे दोन वेगळ्या वस्तूंना गुण देतात. 'लागू नाही' हे उत्तर सरासरीतून वगळायचं, शून्य धरायचं नाही. आधी विभागवार सरासरी, मग प्रश्नावलीच्या चार विभागांची. शेवटचे ४ प्रश्न वैयक्तिक मताचे, ते यात मिसळायचे नाहीत.

मूळपाठ: हे सगळं मान्य, पण शब्द?

अनुस्वार: परीक्षकांपुरतं 'एकवाक्यता' म्हणा. खरा घोळ 'अ‍ॅपच्या उपयोगाला पुरावा आहे का' या प्रश्नात आहे. इटालियन 'एव्हिदेंझा'चा जुना अर्थ उघड दिसणं, डोळ्यांत भरणं. इंग्रजीच्या नादाने तो 'पुरावा' झाला. शुद्धतावादी 'प्रोव्हा' मागतात.

टाचण: आणि 'प्रोव्हा जेनेराले' म्हणजे रंगीत तालीम! म्हणून तर उलट-भाषांतर, म्हणजे भाषांतराचं पुन्हा मूळ भाषेत भाषांतर, मूळ मजकूर न पाहिलेल्याकडून करून घेतात. पण त्यालाही इंग्रजी येतंच, तो 'एव्हिदेंझा'चं निमूटपणे 'पुरावा' करून देतो. चूक कागदावर दिसतच नाही. ती पकडायला प्रश्न वापरणाऱ्यांपुढे ठेवून 'तुम्हाला काय कळलं' हे विचारावं लागतं.

अनुस्वार: जाता जाता: इटालियनमध्ये अ‍ॅप स्त्रीलिंगी, कारण 'आप्लिकात्सिओने' स्त्रीलिंगी. आपल्याकडे 'ते अ‍ॅप' का?

गोळाबेरीज: 'ते यंत्र'च्या चालीवर असेल. पण अनेकवचन 'अ‍ॅपं' लिहिणार की 'अ‍ॅप्स'?

अनुस्वार: 'अ‍ॅप्स' म्हणजे इंग्रजी प्रत्यय घरात घेणं. 'अ‍ॅपं'.

टाचण: बोलताना 'अ‍ॅप्स'च म्हणता ना?

मूळपाठ: मंडळी, विश्वसनीयता की एकवाक्यता?