कोहा (ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर): पुस्तक जमा झालं की वाचकाचं नाव नोंदीतून कसं काढायचं?

पाननंबर: परत आलेल्या पुस्तकापुढे वाचकाचं नाव कायमचं राहायला नको आहे. ‘ओपॅक प्रायव्हसी’ (आपला इतिहास किती ठेवायचा हे वाचकाला ठरवू देणारी सेटिंग) चालू केलं. आता ज्या वाचकांनी ‘इतिहास कधीच ठेवू नका’ निवडलंय, त्यांची पुस्तकं जमा करताना एरर येते. शिवाय वार्षिक देवघेवीचे आकडे बिघडतील का?

दाखलखारीज: ‘ॲनॉनिमस पेट्रन’ ही सेटिंग रिकामी असणार. एक नाममात्र सभासद तयार करा आणि त्याचा बॉरोअर नंबर (कोहा आतल्या आत देतं तो) तिथे भरा. कार्ड नंबर नव्हे! गफलत बहुधा इथेच होते. जुन्या देवघेवीत खऱ्या वाचकाच्या जागी हा नंबर बसतो, नोंद उडत नाही. म्हणून आकडे शाबूत राहतात.

‘कधीच नको’वाल्यांचं नाव पुस्तक जमा होतानाच जातं. बाकीच्यांसाठी ‘बॅच ॲनॉनिमाइझ’ स्क्रिप्ट रोज रात्री क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणारी सोय) चालवा, मर्यादा ३० दिवस. ‘कायम ठेवा’ निवडणाऱ्यांना ती हात लावत नाही, आणि लावूही नये.

उधईनाशक: एवढ्यावर थांबलात तर नाव एकाच टेबलातून गेलं. स्टॅटिस्टिक्स टेबलात दर देवघेवीला बॉरोअर नंबर पडतो, तो तसाच राहतो. ‘इश्यू लॉग’ आणि ‘रिटर्न लॉग’ चालू असतील तर ॲक्शन लॉगमध्येही (कोहातल्या हालचालींची नोंदवही) कुणी काय नेलं ते सगळं सापडतं. गरज नसेल तर दोन्ही बंद करा. जुने लॉग ‘क्लीनअप डेटाबेस’ स्क्रिप्टने दिवसांची मर्यादा देऊन काढा.

बॅकअप सगळेच विसरतात. नोंद ३० दिवसांची आणि डम्पही (डेटाबेसच्या बॅकअप प्रती) ३० दिवस ठेवले, तर नाव प्रत्यक्षात ६० दिवस हाताशी असतं. वर्षभराचे डम्प साठवले तर वरची सगळी खटपट फुकट.

पाननंबर: फाटलेलं पान दोन दिवसांनी दिसलं तर विचारायचं कुणाला?

दाखलखारीज: ३० दिवस नाव आहेच की. ‘कधीच नको’वाल्यांची पुस्तकं मात्र काउंटरवरच चाळून घ्या. ‘स्टोअर लास्ट बॉरोअर’ ही सेटिंग सुचवणारे भेटतील. त्यात शेवटच्या वाचकाचं नाव पुढचा वाचक पुस्तक परत करेपर्यंत राहतं. न फिरणारं पुस्तक मग वर्षानुवर्षं तेच नाव धरून बसतं. माझं मत, बंदच ठेवा.

उधईनाशक: राखीव पुस्तकांची चिठ्ठीही बघा. उघड्या फडताळावर पूर्ण नाव आणि पुस्तक शेजारीशेजारी दिसतात. ‘नोटिसेस अँड स्लिप्स’मध्ये होल्ड स्लिपवरचं नाव काढून नुसता कार्ड नंबर ठेवा. आणि काउंटरमागचा कॅमेरा मॉनिटरकडे रोखलेला असेल तर आधी तो फिरवा.