मदत हवी आहे : सोलापुरातल्या जुन्या नॅट विमानाला नवी जागा

आमच्या शाळेच्या आवारात (होटगी रोड) हवाई दलाचं निवृत्त नॅट चौथऱ्यावर उभं आहे. 1965 च्या युद्धात पाकिस्तानची सेबर लढाऊ विमानं पाडणारं, त्याच जातीचं छोटं लढाऊ विमान. आता तिथे नवी इमारत येतेय, दिवाळीपर्यंत जागा मोकळी करायची आहे.

भंगारवाला रोज फोन करतो, पण त्याला द्यायचं नाही आणि विकायचंही नाही. मालकी शाळेची की हवाई दलाची, हेच कागदांवरून कळत नाही. सापडलं ते फक्त एक पोच-पत्र. संबंधित कार्यालयाला पत्र दिलंय, उत्तराची वाट पाहतोय. दिल्लीतल्या पालमच्या हवाई दल संग्रहालयात नॅट आधीच आहे, त्यामुळे तिकडून फार आशा नाही.

अवस्था: इंजिन नाही, काच तडकलेली, हवा आत घेण्याच्या तोंडात चिमण्यांची घरटी. रिव्हेटांभोवती रंग फुगलाय, दाबला की खाली पांढरी भुकटी (अॅल्युमिनियमचा गंज). इजेक्शन सीट (संकटात वैमानिकाला स्फोटाच्या जोराने बाहेर फेकणारी खुर्ची) जागेवर आहे. तिची स्फोटकं काढल्याची नोंद नाही, म्हणून कॉकपिटला कुलूप लावलंय. कृपया "पोरांना उघडून दाखवा" असं सुचवू नका.

पंखांची रुंदी साधारण 6.7 मीटर, ट्रेलरला 2.6 मीटर रुंदीच्या वर परवानगी नाही. म्हणजे पंख उतरवणं आलंच. क्रेनचा खर्च आम्ही करू, पुढची वाहतूक घेणाऱ्याने करावी.

एखादं सैनिकी विद्यालय, एनसीसी युनिट किंवा नगरपालिकेची बाग घ्यायला तयार झाली, तर हस्तांतराची लेखी परवानगी नेमकी कोणाकडून घ्यायची? आणि सीट तपासायला कोणाला बोलवायचं?